लाभाचा खडा

एका राज्यात माणसांना सावली नव्हती. झाडांना होती, खांबांना होती, चव्हाट्यावर झोपणाऱ्या कुत्र्यालाही होती. नव्हती ती फक्त माणसांना. भर उन्हात माणूस उभा राहिला, तरी त्याच्या पायाशी जमीन कोरीच. दुरून पाहणाऱ्याला वाटे, ही माणसं जमिनीवर उभी नाहीत, हवेवर चिकटवलेली आहेत. दिव्यापुढे हात धरला तरी भिंत उजळच राही. तान्ही मुलं झाडाची सावली पाहून दचकत आणि रडत. मोठी माणसं दचकत नसत. त्यांना सवय झाली होती, आणि सवय झाली की राज्यकारभार चालतो.

पाच वर्षांपूर्वी असं नव्हतं. वैशाखातल्या एका दुपारी कज्जलनाथ नावाचा मांत्रिक राजवाड्याच्या दारी आला. अंगाला राख, पायांना फोड. पहारेकऱ्याला म्हणाला, "घटकाभर ओसरीच्या सावलीत बसतो."

"सावलीत बसायला परवाना लागतो," पहारेकरी म्हणाला.

"तो कुठे मिळतो?"

"आत, कचेरीत."

"मग आत जातो."

"आत जायला परवाना लागतो."

कज्जलनाथ तीन दिवस उन्हात बसला. तिसऱ्या दिवशी राजा उग्रमुकुट सज्जात आला आणि हे कोण बसलं आहे, असं विचारता झाला. उत्तर कज्जलनाथानेच दिलं. "राजा, तुझ्या राज्यात सावली इतकी जपतात हे मला ठाऊक नव्हतं. आजपासून मीच ती जपतो."

एवढं बोलून तो आधी स्वतःच्या पायांशी वाकला. पायातला काटा काढत असेल, असं पहारेकऱ्याला वाटलं. मग त्याने पहारेकऱ्याची सावली जमिनीवरून ओल्या धोतरासारखी सोलली, पिळली आणि मुठीत दाबली. तिचा काळा खडा झाला, जांभळाच्या बीएवढा. मग प्रधानाची. मग राजाची. मग त्याने नुसता हात फिरवला, आणि राज्याच्या चारी टोकांकडून सावल्या सरपटत आल्या. डोंगर उतरून, नद्या ओलांडून, वेशीच्या बंद दारांखालून. दिवस कलला तेव्हा राजवाड्यापुढच्या मैदानात काळ्या खड्यांची रास उभी होती. वैशाखातही ते खडे गार होते. एखादा कानाशी धरला, तर आतून कोणी पाय ओढत चालल्याचा आवाज येई.

कज्जलनाथ म्हणाला, "दर पौर्णिमेला, माध्यान्ही, ही रास सारख्या रांगांत मांडा. रांगा एकाहून अधिक हव्यात आणि रांगेत खडे एकाहून अधिक हवेत. काहीच उरलं नाही, तर ज्याची सावली त्याला. उरलं, तर जितके खडे उरले तितकी माणसं जातील, आणि खडे राशीतच राहतील. रांगेची जी लांबी एकदा वापरली ती पुन्हा वापरायची नाही. मांडणी चुकवलीत, तर सगळेच जाल."

"ही रास अशी भागली जाते, याला आधार काय?" राजाने विचारलं.

"मी टाकलेली रास भागली जाते. माझा शब्द," कज्जलनाथ म्हणाला, आणि मैदानातून नाहीसा झाला.

राजवाड्याचे मुख्य मोजणीकार नागोपंत राशीपाशी मांडी घालून बसले. रिवाजाप्रमाणे त्यांनी लाभ काढला आणि एकपासून सुरुवात केली. चाळीस माणसं खडे पुढे सारत होती आणि आकडा एकटे नागोपंत बोलत होते. बावीस दिवसांनी त्यांनी वहीत लिहिलं: पाच लाख चोवीस हजार दोनशे सत्त्याऐंशी. राज्याच्या शिरगणतीशी आकडा तंतोतंत जुळला. नागोपंतांच्या चाळीस वर्षांच्या नोकरीत वहीत एक खाडाखोड नव्हती. राजापेक्षा त्यांच्या वहीवर लोकांचा विश्वास अधिक होता, आणि राजाचाही तसाच होता.

पहिल्या पौर्णिमेला प्रधानाने रांगेत एकशे आठ खडे मांडायला लावले. आकडा पवित्र, तेव्हा भाग जाणारच, असं त्याचं म्हणणं. पंचावन्न खडे उरले. माध्यान्हीची घंटा वाजली आणि मैदानाभोवतीच्या गर्दीतून पंचावन्न माणसं पाटीवरच्या अक्षरांसारखी पुसली गेली. त्यांचे कपडे क्षणभर तसेच उभे राहिले, मग खाली बसले.

मग राजाने नागोपंतांच्या मुलीला बोलावलं. तिचं नाव कमळजा. वय चाळिशीच्या आतबाहेर. लग्न होऊन सासरी गेली होती. सासऱ्याचे पाढे तेरानंतर चुकत, आणि तिला ते दुरुस्त केल्याशिवाय राहवत नसे, म्हणून परत आली होती.

प्रधान म्हणाला, "बाई, हुकूम असा. माणसं कमीत कमी जातील, असे आकडे काढ."

कमळजेने तेवढंच केलं. राशीतला एक खडा मनात बाजूला ठेवला आणि उरलेल्या संख्येची फोड केली. दोन, तीन, तीन आणि पुन्हा तीन, सात, एकोणीस, त्र्याहत्तर. यांचा गुणाकार बरोबर पाच लाख चोवीस हजार दोनशे शहाऐंशी. यांच्या जुळणीतून जी लांबी निघेल, तिच्या रांगांत बाकी एकच राहणार. दोनच्या रांगा मांडा, एक उरेल. सातच्या मांडा, एक उरेल. सत्तावीसच्या मांडा, एक उरेल. अशा लांब्या बासष्ट निघाल्या. तिने यादी करून दिली. राजाने तिला शाल दिली.

राज्यात समाधान पसरलं. दर पौर्णिमेला एकच माणूस जाई. प्रधानाने त्याला 'नियमित घट' असं नाव दिलं, आणि नाव मिळाल्यावर लोक त्याविषयी बोलेनासे झाले. बासष्ट आकडे संपल्यावर काय, असं कमळजेने एकदा विचारलं होतं. "त्याला अजून पाच वर्षं आहेत," प्रधान म्हणाला होता.

मांडणी झाली की निशाणाच्या काठीवर एक काळा पक्षी येऊन बसे आणि पुढच्या खेपेला कोण उरणार त्याचं नाव सांगे. शेपटी दुभंगलेली, डोळे लाल. त्या जातीच्या पक्ष्याला कोतवालच म्हणतात. राज्यातल्या पगारी कोतवालापेक्षा तो वेळेचा पक्का होता.

एकसष्टावा आकडा वापरून झाला, त्या दुपारी कोतवाल आला, चोच पुसली आणि म्हणाला, "पुढली पौर्णिमा. नागोपंत मोजणीकार."

कमळजा घरी आली. नागोपंत जेवत होते. बातमी तिच्याआधी पोचली होती.

"बरं झालं," ते म्हणाले. "माझ्याकडे अपुरं काम काही नाही. ताक वाढ."

तिने ताक वाढलं. दाराशेजारच्या देवळीत शेंदूर फासलेला देव होता, लिंबाएवढा. रोजच्यासारखा त्याच्यापुढे दिवा लावला, हात जोडले. मग पाटी घेऊन बसली. यादीत एकच आकडा उरला होता: दोन लाख बासष्ट हजार एकशे त्रेचाळीसच्या दोन रांगा. त्यात आबा जाणार. त्यानंतर पाचच्या रांगा मांडल्या तरी दोन माणसं जाणार, आणि पुढे आकडे वाढतच जाणार.

तेव्हा पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं की पाच वर्षांत तिने एक साधा प्रश्न विचारलाच नव्हता. कमीत कमी किती उरतील, हे तिने काढलं होतं. काहीच न उरेल असा आकडा आहे का, हे पाहिलं नव्हतं. हुकूम तेवढा नव्हता.

ती भागत गेली. दोनने, तीनने, पाचने, सातने, अकराने. चारने भागायचं कारण नव्हतं; चारने जाणारी संख्या दोननेच आधी गेली असती. सातशे चोवीसच्या पुढेही जायचं कारण नव्हतं, कारण सातशे पंचवीसला सातशे पंचवीसने गुणलं की ही संख्या मागे पडते. तिचे दोन तुकडे होणार असतील तर त्यातला एक सातशे चोवीसच्या आत असायलाच हवा. तपासायचे आकडे एकशे अठ्ठावीस निघाले. सव्विसाव्या दिवशी तिने शेवटचा, सातशे एकोणीस, भागून पाहिला. बाकी उरली.

दुसऱ्या दिवशी ती दरबारात गेली.

"महाराज, ही मूळ संख्या आहे. हिला एक आणि ती स्वतः, यांखेरीज कोणी निःशेष भागू शकत नाही. ही रास कधीच रांगांत बसणार नाही."

"म्हणजे मांत्रिक खोटं बोलला," राजा म्हणाला.

"किंवा आपलं कुठे चुकलं. मी त्याला विचारून येते."

प्रधान म्हणाला, "राज्याबाहेर जायला परवाना..." आणि थांबला, कारण राजा स्वतःच्या पायांकडे बघत होता. तिथे जमीन कोरी होती.

"जाऊ दे तिला," राजा म्हणाला.

निशाणाच्या काठीखाली उभी राहून कमळजेने विचारलं, "कोतवाला, कज्जलनाथ कुठे राहतो?"

"मी नावं सांगतो, वाटा सांगत नाही," पक्षी म्हणाला. "पण आज सावकाश उडणार आहे."

सात कोसांवर माळ होता आणि माळाच्या मध्यावर कोरडी बारव होती. कमळजा पोचली तेव्हा सूर्य डोक्यावर होता, तरी बारवेत तीन पायऱ्यांपलीकडे उजेड जात नव्हता. उतारावर तीन कमानी होत्या, एकीखाली एक, आणि प्रत्येकीला दगडी दार.

पहिल्या कमानीशेजारच्या भिंतीत एक चेहरा होता. दुसऱ्या वर्षी मांत्रिकाकडे गेलेला आणि न परतलेला राजपंडित तो. अंग दगडात, ओठ तेवढे हलत होते. "नऊ," तो पुटपुटत होता. "नऊने जातो. नऊने जायलाच हवा."

दारातून आवाज आला, "तुमच्या वहीतल्या संख्येला निःशेष भागतो तो कोण?"

कमळजेने पंडिताकडे पाहिलं. "एक, आणि ती स्वतः. तिसरं कोणी नाही."

दार उघडलं. पंडित म्हणाला, "नऊ."

दुसऱ्या कमानीशी आवाजाने विचारलं, "मग दर खेपेला एकच का उरतो?"

हे उत्तर तिला पाठ होतं. दोन, तीन, तीन, तीन, सात, एकोणीस, त्र्याहत्तर. ती बोलू लागली आणि थांबली. दगडातून गार वारा येत होता, आणि त्यात पाय ओढल्याचा आवाज होता.

"कारण मी उरवते," ती म्हणाली. "एकाने कमी केलेल्या संख्येची फोड मी केली. यादी माझ्या हातची आहे. एकसष्ट माणसंही माझ्या हातची आहेत."

मग दार उघडलं.

तिसऱ्या कमानीला दार होतं, पण ते उघडंच होतं. पलीकडे पायऱ्या खाली गेल्या होत्या आणि पायऱ्यांवर माणसं बसली होती. एकशे सोळा माणसं, गुडघ्यांवर हात ठेवून, खालच्या काळोखाकडे तोंड करून, गप्प. कोणी वळून पाहिलं नाही.

"कमी करून झालं," आवाज खालून आला. "एकाने वाढवलीस, तर?"

हे तिने कधीच करून पाहिलं नव्हतं. उरलेला खडा कमी धरायचा, हेच पाच वर्षं डोक्यात. जास्त धरायला कोणी सांगितलं नव्हतं.

"पाच लाख चोवीस हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी," ती म्हणाली आणि पहिली पायरी उतरली. "समसंख्या. निम्मी दोन लाख बासष्ट हजार एकशे चव्वेचाळीस." दुसरी पायरी. "निम्मी एक लाख एकतीस हजार बाहत्तर." तिसरी. "पासष्ट हजार पाचशे छत्तीस."

दर पायरीला संख्या निम्मी होत होती आणि कुठेच काही उरत नव्हतं. पाचव्या पायरीवर सर्जा लोहार बसला होता, तिच्या यादीतल्या पहिल्या आकड्याने गेलेला. त्याने तिला ओळखलं, आणि सरकून वाट दिली. तेवढी एकच पायरी तिला जड गेली. "सोळा हजार तीनशे चौऱ्याऐंशी," ती म्हणाली. नवव्या पायरीवर हजार चोवीस. बारावीवर एकशे अठ्ठावीस. सोळावीवर आठ. चार. दोन. एकोणिसावी पायरी शेवटची होती.

"एक," ती म्हणाली.

तळाशी कज्जलनाथ भिंतीला टेकून बसला होता. राख उडून गेली होती. खाली साधा, थकलेला माणूस होता.

"सात कोस उन्हातून आलीस. बस," तो म्हणाला. "इथे सावलीत बसायला परवाना लागत नाही."

कमळजा बसली. "नाथजी, तुम्ही म्हणालात रास भागली जाते. आमची जात नाही."

"मी टाकलेली जाते. तुम्ही मोजलेली जात नाही."

"एक खडा कमी आहे. तो कुठे गेला?"

"शब्दाने बांधलोय. सांगता येत नाही, विचारता येतं. तुमच्या राज्यात पहिला खडा कुठे जातो?"

कमळजा उत्तर द्यायला गेली, आणि तिला आपल्या घराचं दार दिसलं, दाराशेजारची देवळी दिसली, देवळीत तेवणारा दिवा दिसला.

त्या राज्याचा रिवाज असा. धान्य मोजायचं असो, गुरं मोजायची असोत, पहिला नग 'एक' म्हणून मोजत नाहीत. त्याला 'लाभ' म्हणतात. तो कपाळाला लावायचा आणि देवाच्या नावाने बाजूला काढायचा. मग दुसऱ्यापासून 'एक' सुरू. लाभ वहीत लिहीत नाहीत आणि परत राशीत टाकत नाहीत. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, म्हणूनच कोणाला आठवलं नव्हतं.

"आबांनी तो घरी आणला," कमळजा हळू म्हणाली. "पाच वर्षं मी रोज त्याच्यापुढे दिवा लावते आहे. कोणाची सावली ती?"

वरून एक उन्हाची तिरीप तळापर्यंत येत होती. कज्जलनाथाने आपला पाय तिच्यात धरला. पायाखाली जमीन कोरी होती. त्याने झटकन पाय मागे घेतला. कातडीवर फोड आला होता.

"त्या दिवशी तुमच्या राज्यात माणसं किती होती, ते तुझ्या बापाने बरोबर लिहिलं आहे. तेवढीच रास टाकली असती, तर शाप कधीच सुटला नसता. मला तीन दिवस ऊन लागलं होतं, बाई. जन्मभराचा राग नव्हता आला. म्हणून सगळ्यांत आधी माझी घातली. म्हटलं, एवढी निम्म्यानिम्म्याने वाटली जाणारी रास आहे, पहिल्याच पौर्णिमेला दोन रांगा करतील आणि सुटतील. महिनाभर धडा पुरे." त्याने फोडावर फुंकर घातली. "तुमचा रिवाज मला कुठून ठाऊक असणार? मी परमुलखातला. आणि तुम्ही काढलेत एकशे आठ."

"तुम्ही माणसं घ्यायचं थांबवायचं होतं."

"घेतो तो मी नाही. बोललेला शब्द घेतो. सावलीवाचून मी उन्हात निघू शकत नाही. मलाही त्यानेच इथे बसवलं आहे." मग तो म्हणाला, "एक लक्षात ठेव. खडा ज्याने बाजूला ठेवला, त्याच्याच हाताने परत यायला हवा. दुसऱ्याने उचलला, तर तो नुसता दगड होईल."

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी कमळजा परतली. घरी जाण्याआधी मैदानात गेली आणि म्हणाली, "उद्या हजार चोवीसच्या रांगा."

प्रधानाने यादी उलगडली. "हा आकडा यादीत नाही."

"यादी माझी आहे."

"याने बाकी किती उरते?"

"वहीप्रमाणे एक हजार तेवीस."

प्रधान खाली बसला. राजाने विचारलं, "आणि तुझ्याप्रमाणे?"

"माझ्याप्रमाणे पाचशे बारा रांगा, बाकी काही नाही. चुकले, तर हजार तेवीसांत पहिलं नाव माझं घ्या."

राजाने राशीतला एक खडा कानाशी धरला आणि परत ठेवला. मग म्हणाला, "मांडा."

घरी नागोपंत वही पुसत होते. कमळजेने सगळं सांगितलं. बारव सांगितली, पायऱ्या सांगितल्या, सर्जा लोहार सांगितला. मग देवळीकडे बोट दाखवलं.

"तो लाभ आहे," नागोपंत म्हणाले.

"राशीतला खडा आहे, आबा."

"लाभ राशीत नसतो. म्हणजे माझी मोजणी चुकली म्हणतेस?"

"मोजणी बरोबर आहे. सुरुवात चुकली."

"चाळीस वर्षं मी तीच सुरुवात केली."

"हो."

नागोपंतांनी वही मिटली. त्यांचे हात वहीवर तसेच राहिले. "कमळे, दोन रांगा मांडा. मी म्हातारा, मी एकटा जाईन. वही स्वच्छ राहील."

"आणि पुढच्या पौर्णिमेला?"

"पुढचं पुढचे लोक पाहतील."

"प्रधानजी असंच म्हणाले होते," कमळजा म्हणाली. "मांडणी सुरू झाली आहे, आबा. हजार चोवीसची. तुम्ही आला नाहीत, तर हजार तेवीस जातील. मी तुमच्या हातातून खडा घेऊ शकत नाही. घेता आला असता, तर विचारलंही नसतं."

ती मैदानात निघून गेली. नागोपंत उठले, देवळीपाशी गेले आणि कान लावून उभे राहिले. पाच वर्षांच्या शेंदराखालून कोणीतरी पाय ओढत चालत होतं.

पौर्णिमेच्या माध्यान्हीपर्यंत मैदान काळ्या रांगांनी भरलं. पाचशे अकरा रांगा पुऱ्या झाल्या. पाचशे बारावी मांडता मांडता रास संपली. रांगेच्या शेवटी एक जागा रिकामी होती, जांभळाच्या बीएवढी. गर्दी त्या जागेकडे पाहत होती.

घंटेवर पहिला टोला पडला. कोतवाल काठीवर येऊन बसला.

"नागोपंत मोजणीकार," तो म्हणाला. "कमळजा नागोपंत. दिनकर प्रधान. उग्रमुकुट राजा." तो न थांबता नावं घेऊ लागला. ज्याचं नाव येई, त्याच्या कडा विरू लागत. कमळजेने आपला हात पाहिला. बोटांच्या टोकांमधून पलीकडची रांग दिसत होती.

तेवढ्यात गर्दी दुभंगली. नागोपंत येत होते. काखेत वही, ओंजळीत शेंदराचा गोळा, आणि कपाळापर्यंतचा वरचा भाग पुसट होत चाललेला. पाचशे बाराव्या रांगेच्या कडेने ते सावकाश चालत शेवटाला आले.

"पंत," प्रधान म्हणाला, आणि त्याचा आवाज पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा आला, "हा खडा वहीत नाही."

नागोपंतांनी कमळजेच्या हाती गोळा दिला नाही. धोतराच्या सोग्यात ठेवला. वही उघडली, कानावरचा बोरू काढला, आणि 'सत्त्याऐंशी' या शब्दावर आडवी रेघ मारली. वर लिहिलं: अठ्ठ्याऐंशी. खाली सही केली. मग नखाने शेंदूर खरवडला. आतून काळा, गार खडा निघाला.

ते रिकाम्या जागेवर वाकले आणि तिथेच थांबले. बोटं उघडत नव्हती. वर पक्षी नावं घेत होता.

"लाभ मोजायचा नसतो, कमळे," ते म्हणाले.

"मोजू नका, आबा. नुसता ठेवा."

त्यांनी ठेवला.

कोतवाल एका नावाच्या मध्यावर थांबला. ते नाव कोणाचं होतं, हे पुढे कधी कळलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही. मैदानभर एक लांब उसासा फिरला, पहिल्या रांगेपासून पाचशे बारावीपर्यंत. मग खडे पाझरले. काळं पाणी पसरावं तशा सावल्या पसरल्या, एकमेकींत मिसळल्या, वेगळ्या झाल्या आणि आपापली माणसं शोधत धावल्या. पायांना काहीतरी गार चिकटलं, असं प्रत्येकाला वाटलं. कित्येक जण तिथेच खाली बसले आणि जमिनीवर हात फिरवत राहिले. एक सावली मात्र राज्यातल्या कोणाचीच नव्हती. ती एकटीच, माणसावाचून, तांबूस कडेची, वेशीबाहेर पडली आणि माळाकडे गेली.

दिवस मावळायच्या आत त्याच वाटेने एकशे सतरा माणसं ओळीने येताना दिसली. त्यांच्या सावल्या त्यांच्यामागे दोन पावलं होत्या. गाठायला त्यांना आठवडा लागला. सगळ्यांत मागे राजपंडित होता आणि तो अजूनही नऊच म्हणत होता. कमळजा वेशीपाशी उभी राहून प्रत्येकाला नावाने हाक मारत होती. तिने त्यांना मोजलं नाही. सर्जा लोहार तिच्यापाशी थांबला, म्हणाला, "ताई, भट्टी विझली असेल," आणि घरी गेला.

राजाने तिला दुसरी शाल देऊ केली. तिने पहिलीही परत केली.

चौथ्या दिवशी दुपारी एक माणूस राजवाड्याच्या दारी आला, ओसरीच्या सावलीत घटकाभर बसला, पाणी प्याला, उठला आणि गेला. पहारेकऱ्याने त्याला काही विचारलं नाही.

त्या राज्यात आजही पहिला नग लाभच असतो. रिवाज तो रिवाज. फक्त वहीत त्याच्यासाठी वर एक वेगळी ओळ आखतात, आणि ती आखायला नागोपंतांनी स्वतः शिकवलं. त्यांच्या वहीतली ती एक खाडाखोड पाहायला लांबून लोक येत, आणि ते कुरकुरत का होईना, दाखवत.

ज्याची सावली त्याला मिळाली, आणि कहाणी इथे निःशेष झाली. ऐकणाऱ्यांनी उठताना आपापली पायाशी आहे ना, तेवढं पाहून घ्यावं.